सहासष्ट, अठ्ठावीस आणि माझे अठ्ठेचाळीस

"नो प्रॉब्लेम, सर," मी म्हणालो. राशिदसाहेबांचा प्रश्न तेव्हा अर्धाच विचारून झाला होता.

हे माझं नेहमीचंच. आधी नो प्रॉब्लेम म्हणून टाकायचं, आणि प्रॉब्लेम नक्की काय होता ते परत येताना गाडीत इब्राहिमला विचारायचं. या एका पद्धतीवर मी कतारमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. मॅनेजरसुद्धा झालो.

आम्ही अल दुहैलला राशिदसाहेबांच्या घरी बसलो होतो. त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या माणसांसाठी असते त्या बैठकीच्या खोलीत. राशिदसाहेब आमच्या कंपनीचे मालक. इब्राहिम परकार आमच्या ऑफिसची सरकारी कामं बघतो. मूळचा रत्नागिरीचा, अरबी फडाफड बोलतो. मला अरबीत यल्ला, खलास आणि शुक्रन एवढं येतं, म्हणून मालकांच्या घरी जाताना मी त्याला बरोबर घेतो.

समोर कहवा, खजूर आणि टॅबवर एका बंदुकीचा फोटो. मझललोडर. तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची जुन्या पद्धतीची बंदूक. लायसन्सची, शूटिंग क्लबच्या लॉकरमध्ये ठेवलेली. तिची नळी आतून गंजून गेली होती. क्लबच्या परमिटवर परदेशातून नवी मागवायची होती, आणि बनवणाऱ्याचा ईमेल आला होता.

"मिस्टर दिलीप, तो विचारतोय, ट्विस्ट रेट किती ठेवू? मला याचं उत्तर येत नाही. तुम्ही थ्रेडचे माणूस. तुम्ही सांगा."

थ्रेडचा माणूस, हे खरं. तेलाच्या विहिरीत एकाला एक जोडून जे पाइप सोडतात, त्यांच्या टोकांना आमची कंपनी आटे पाडते. आटे बरोबर पडले की नाही हे तपासणं माझं काम. बंदुकीच्या नळीतही एक प्रकारचे आटेच असतात. आतल्या अंगाने पीळ घेत गेलेल्या खाचा. त्यांतून सरकताना गोळी स्वतःभोवती फिरायला लागते, आणि फिरत गेलेली गोळी सरळ जाते. किती इंचांत एक पुरा फेरा, तो ट्विस्ट रेट. 'वन इन सिक्स्टी-सिक्स' म्हणजे सहासष्ट इंचांत एक फेरा, सैल पीळ. 'वन इन ट्वेंटी-एट' म्हणजे अठ्ठावीस इंचांतच एक फेरा, घट्ट पीळ. आकडा लहान तेवढा पीळ घट्ट.

हे मी आत्ता सांगतोय. त्या दिवशी मी बरोबर उलटं सांगितलं. आमच्या धंद्यात एका इंचात आटे किती ते मोजतात. तिथे आकडा मोठा म्हणजे आटे दाट. त्यामुळे राशिदसाहेबांनी सहासष्टचं नाव काढताच मी डोळे बारीक केले आणि म्हणालो, "सर, बेसिकली, सिक्स्टी-सिक्स विल बी व्हेरी टाइट."

त्यांनी ते फोनमध्ये लिहून घेतलं.

"मला जानेवारीत शिकारीला जायचंय, अमेरिकेत," ते म्हणाले. "तिकडे हरणांच्या सीझनमधले काही दिवस फक्त मझललोडरवाल्यांसाठी राखलेले असतात. मी लांब, जड गोळी वापरणार. एका गोळीत जनावर पडलं पाहिजे. जखमी होऊन पळालेलं हरीण मला चालणार नाही. तसं झालं तर मी बंदूकच ठेवून देईन."

"नो प्रॉब्लेम, सर."

"आणि शमालला जाऊन एकदा माझ्या वडिलांनाही भेटा. बंदूक तेही चालवतात. त्यांचं काय म्हणणं आहे बघा."

"शुअर, सर."

गाडीत बसल्यावर इब्राहिमने आधी पट्टा लावला. मग म्हणाला, "काय ओ साहेब, तुम्हाला बंदुकीतलं कळतं?"

"थ्रेडच आहे रे तो. फक्त लांब."

"माज्या आज्याकडे होती ठासणीची. खाचाबिचा काय नाय, आतून नुसती गुळगुळीत. भातात डुक्कर आला की बार. लागला तर लागला, नायतर डुक्कर आवाजानंच पळायचा."

"आपल्याला इथे असं चालणार नाही."

"तेच तर बोलतो. मग कशाला हो म्हणालात?"

का म्हणालो, ते त्यालाही ठाऊक होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं. साठी जवळ आलेली. एचआरमधून कोणी जिन्यात भेटलं की हल्ली तब्येतीची चौकशी करायचं. अशा वेळी मालकाने घरी बोलावून सल्ला विचारावा, हा मला शुभशकुन वाटला होता.

शुक्रवारी सुट्टी. अल वक्राला माझ्या घरी मी अभ्यासाला बसलो. तासाभरात समजलं की मजलिसमध्ये आपण उलटं बोलून आलो आहोत. मी राशिदसाहेबांना मेसेज केला, 'सर, माय अर्लिअर कॉमेंट स्टँड्स रिव्हाइज्ड.' आपण चुकलो हे इंग्रजीत असं सांगता येतं, म्हणून मला ती भाषा आवडते.

मग मूळ गोष्ट कळली, आणि ती अगदी सोपी निघाली. पेन्सिल हवेत फेकली तर कोलांट्या खाते. तिला सरळ जायला लावायचं तर जोरात गरगर फिरवून फेकावी लागते. लिंबाचं तसं नाही. लिंबाला शेंडा-बुडखा नसतोच, थोडं फिरवलं तरी पुरतं. लांब गोळी म्हणजे पेन्सिल, तिला घट्ट पीळ हवा. गोल गोळी म्हणजे लिंबू, तिला सैल. आणि गोल गोळीला घट्ट पीळ दिला तर ते नुसतं वाया जातं असं नाही, ते बाधतं. ती गोळी कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासतात. खाच धरते ते हे कापड. पीळ घट्ट असला आणि दारू जास्त झाली की कापडाची पकड सुटते, आणि गोळी आटे गेलेल्या नटासारखी खाच सोडून सरळ घसरत बाहेर येते. कुठे जाईल, तिचं तिलाच माहीत.

मी इब्राहिमला फोन लावला. "ऐक, दारू किती घालतात तेही विचारावं लागेल. म्हाताऱ्याला दारू जास्त लागत असेल तर सगळा हिशोब बदलतो."

हॉलमध्ये एकदम शांतता झाली. शेजारच्या फ्लॅटमधल्या वहिनी माझ्या बायकोकडे, मीनाकडे, डबा परत द्यायला आल्या होत्या. त्या डबा ठेवून लगेच गेल्या.

"बंदुकीची दारू!" मी फोन खाली करून ओरडलो.

"बाबा, दॅट्स नॉट बेटर," आतून मुलगी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही शमालला, म्हणजे कतारच्या उत्तर टोकाच्या मदिनत अश शमालला गेलो. राशिदसाहेबांचे वडील शहरात राहायला तयार नव्हते. त्यांना सगळे अबू राशिद म्हणतात, राशिदचे वडील. ऐंशीच्या पुढचे, सडपातळ, ताठ. अंगणात सावलीला खुर्ची टाकून बसले होते. मी हात पुढे केला तो त्यांना पटकन दिसला नाही. आधी त्यांनी मान वळवून मला पुरतं समोर घेतलं, मग हात धरला. मला वाटलं, मोठी माणसं अशीच असतात, जरा वेळ लावतात.

इब्राहिमने विषय काढला. अबू राशिद लगेच पुढे सरकून बसले.

"गोल गोळी," त्यांनी सांगितलं. "शिशाची. घरी ओतलेली. कापडात गुंडाळून, दारू भरपूर. मी लहानपणी अशीच चालवली, तशीच चालवणार. राशिदच्या त्या लांब गोळ्या मला नकोत. त्या औषधाच्या गोळ्यांसारख्या दिसतात."

"टार्गेटवरच मारणार ना?" मी इब्राहिमकरवी विचारलं.

"कागदावर. जनावर आता नाही मारत." मग ते थांबले आणि म्हणाले, "पण याच हिवाळ्यात. पुढच्या नाही. त्याला सांग, याच हिवाळ्यात."

इब्राहिमने ते मला दोनदा सांगितलं. माझ्या डोक्यात त्याची फक्त डिलिव्हरी डेट झाली. हिवाळा का, याच का, हे विचारायचं सुचलं नाही. क्वालिटीचा माणूस प्रश्न विचारण्याचा पगार घेतो. मी मान डोलावली आणि म्हणालो, "इन्शाल्ला. नो प्रॉब्लेम."

इब्राहिमने याचं भाषांतर केलं नाही.

म्हणजे परिस्थिती अशी होती. मुलाला लांब गोळी, वीस-तीसच्या आसपासचा पीळ. वडिलांना गोल गोळी, सत्तरच्या आसपासचा. बंदूक एक. नळी एक. आणि दोघांनाही मी नो प्रॉब्लेम म्हणून आलेलो.

त्या वेळी कोणीही शहाणा माणूस काय करेल? मालकाला फोन करेल आणि सांगेल, साहेब, हे दोन्ही एका नळीत बसत नाही, काय ते ठरवा. मी एक्सेल उघडलं. सहासष्ट आणि अठ्ठावीस यांची सरासरी काढली. सत्तेचाळीस आली. शोधून पाहिलं तर अठ्ठेचाळीसची नळी तयार मिळते, आणि तिच्यापुढे 'ऑल-राउंड' असं लिहिलेलंही असतं. मला इतका आनंद झाला की मी त्याचं प्रेझेंटेशन केलं. शेवटच्या स्लाइडवर तराजूचं चित्र टाकलं.

मीना मागे उभी राहून बघत होती. "अहो, तुम्ही त्या दोघांनाही हो म्हणालात ना?"

"हो म्हणालो नाही. ऑप्टिमाइझ केलं."

"आपल्या बेडरूमच्या एसीसारखं?"

एसीचं असं आहे की तिला सत्तावीस लागतो आणि मला एकवीस. बरीच वर्षं आम्ही तो चोवीसवर ठेवतो. ती शाल घेऊन झोपते आणि मी उघडा.

राशिदसाहेबांनी प्रेझेंटेशन पाहिलं. "हे दोघांनाही चालेल?"

"सर, बेसिकली, इट इज अ बॅलन्स्ड सोल्युशन."

"गुड," ते म्हणाले, आणि ऑर्डर गेली.

नळी डिसेंबरात आली. क्लबच्या माणसांनी ती बसवली. एका शनिवारी सकाळी आम्ही रेंजवर जमलो. राशिदसाहेब, अबू राशिद, इब्राहिम आणि मी. हवा मस्त गार होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोटो निघतील असं मला वाटलं होतं.

आधी राशिदसाहेब बसले. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, नीट श्वास धरून त्यांनी बार काढला. पांढऱ्या धुराचा ढग झाला. ढग विरल्यावर त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि तसेच राहिले.

"मिस्टर दिलीप, हे काय आहे?"

मी पाहिलं. कागदावर भोक होतं, पण गोल नव्हतं. लांबट होतं. गोळी तोंडाने न जाता आडवी होऊन कागदातून गेली होती. दुसरी तशीच. तिसरी तर कागदाच्या कोपऱ्यातून आडवी गेली. पेन्सिल कोलांट्या खात होती. अठ्ठेचाळीस इंचांतला एक फेरा तिला पुरत नव्हता.

"वारा असेल, सर."

क्लबचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. राशिदसाहेबांनी आधी झेंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दारू बदलून बघू या. नळीही नवी आहे, जरा रुळायला हवी."

इब्राहिम माझ्या कानाशी मराठीत म्हणाला, "साहेब, आता नळीला सर्दी झालीय असं नका बोलू."

राशिदसाहेबांनी आणखी दोन गोळ्या झाडल्या आणि बंदूक खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "ही गोळी हरणाला अशी आडवी लागली असती तर?" एवढंच म्हणाले. मला त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्या माणसाला सॉरी म्हणता येतं.

मग अबू राशिद बसले. त्यांनी स्वतः दारू मोजून घातली, गोळी कापडात गुंडाळली, गजाने ठासली. हात इतके सराईत की बघत राहावं. दारू मात्र सढळ. बार मोठा झाला.

"कुठे लागली?" त्यांनी विचारलं.

काळ्या वर्तुळाच्या बाहेर, डावीकडे. दुसरी खाली. तिसरी उजवीकडे, पार वर. गोळ्या खाच सोडून घसरत होत्या. मी इब्राहिमकरवी सुचवलं की दारू निम्मी करून बघा. त्यांनी नाराजीने केली. गोळ्या जरा जवळ आल्या, पण एखादी तरी सुटायचीच.

प्रत्येक बारानंतर ते विचारत होते, "कुठे लागली?" राशिदसाहेबांनी दुर्बीण त्यांच्याकडे सरकवली. "तुम्हीच बघा, युबा." युबा म्हणजे बाबा. अबू राशिदनी उजवा डोळा लावला. दुर्बीण इकडे हलवली, तिकडे हलवली. मग उजवा काढून डावा लावला. पुन्हा शोधत राहिले.

"युबा, टार्गेट समोरच आहे."

"सापडत नाही," ते म्हणाले. आणि मग, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, काहीतरी सावकाश सांगितलं. इब्राहिमचा चेहरा उतरला. त्याने मला हळू आवाजात मराठीत सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या कडा काळ्या पडत चालल्या आहेत. मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. उजव्याचं मधलं अजून स्वच्छ आहे, म्हणून नेम धरता येतो. पण तेही बारीक होत चाललंय. पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहील असं त्यांना वाटत नाही.

राशिदसाहेबांना यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं. ते वडिलांच्या शेजारी उकिडवे बसले. बापलेकांत काय बोलणं झालं ते इब्राहिमने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. याच हिवाळ्यात, याच हिवाळ्यात, असं एक माणूस मला तोंडावर सांगत होता, आणि मी त्याची तारीख केली होती.

बऱ्याच वेळाने राशिदसाहेब उठले. "मिस्टर दिलीप, ही नळी यांच्यासाठी ठीक करता येईल?"

"नाही, सर. पीळ एकदा पाडला की पाडला."

"आणि माझ्यासाठी?"

"नाही, सर. लांब गोळीला ही फार सैल आहे. त्यांच्या गोल गोळीला आणि त्यांच्या दारूला फार घट्ट. एक तर त्यांची होईल, नाहीतर तुमची. दोघांची होत नाही."

"मग तुम्ही मधली का निवडली?"

इथे एखादं तांत्रिक कारण द्यायला हवं होतं. मला एक सुचलंही होतं. पण त्या म्हाताऱ्या माणसासमोर ते तोंडातून बाहेर येईना.

"कारण सर, तुम्ही लांब म्हणालात, ते गोल म्हणाले, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय."

अबू राशिदनी इब्राहिमला विचारलं, हा काय म्हणाला? इब्राहिमने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि या खेपेला मात्र शब्दन् शब्द भाषांतर केलं. म्हाताऱ्याने ऐकलं आणि हसायला सुरुवात केली. हसता हसता खोकला आला, पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन पुन्हा हसले. मग राशिदसाहेबांचाही चेहरा जरा सैल झाला. मी एकटाच गंभीर उभा होतो, इस्त्रीच्या शर्टात.

तेवढ्यात धीर करून मी विचारलं, "सर, ही बंदूक आहे कोणाची?"

इतक्या वर्षांत मी मालकांना विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. खरं तर हा पहिल्या दिवशी, खजुराला हात लावण्याआधी विचारायचा होता.

राशिदसाहेबांनी बंदुकीच्या लाकडावरून हात फिरवला. "मी ती यांना भेट दिली होती," ते म्हणाले. "नंतर मीच वापरायला लागलो."

"मग सहासष्ट, सर."

"नक्की?"

"नक्की." बेसिकली म्हणालो नाही.

दुसरी ऑर्डर गेली. त्यानंतरच्या आठवड्यांत मी जितक्या वेळा हवामान बघितलं, तितक्या वेळा आयुष्यात बघितलं नव्हतं. नळी वेळेत येते की उन्हाळा, अशी शर्यत होती. बनवणाऱ्याला सणाच्या सुट्ट्या होत्या. मग कागदपत्रांत एक सही राहिली. इब्राहिम या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत होता, आणि मी त्याला दर तासाला फोन करून हैराण करत होतो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बाळंतपणाला आल्यासारखे करू नका. येईल."

राशिदसाहेब वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. जानेवारीत साहेब शिकारीला गेले नाहीत. कारण कोणाला सांगितलं नाही. दर गुरुवारी ऑफिसमधून लवकर निघायचे आणि शमालला जायचे, एवढं आम्हाला दिसायचं.

नळी फेब्रुवारीच्या अखेरीस आली. ऊन तापायला लागलं होतं, म्हणून आम्ही सकाळी अगदी लवकर रेंजवर पोहोचलो. या खेपेला मी साधा टी-शर्ट घातला होता. अबू राशिदच्या खांद्याशी उशी बांधली. त्यांनी दारू घातली, त्यांच्या हिशोबाने, म्हणजे भरपूर. गोळी ठासली. गाल लाकडाला टेकवला आणि बराच वेळ तसेच राहिले. त्यांच्या त्या बारीक उरलेल्या उजेडात काळं वर्तुळ शोधत असणार. आकडा चुकला तर तिसऱ्या नळीसाठी हिवाळा उरला नव्हता.

बार झाला. धूर सावकाश विरला.

राशिदसाहेब दुर्बिणीवर होते. "काळ्यात," ते म्हणाले.

दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्या काळ्यात. पाचवीही. मग आम्ही कागद काढून आणला. सगळी भोकं गोल, आणि हाताचा पंजा ठेवला तर सगळी झाकतील इतकी जवळजवळ. अबू राशिदनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि बोटाने एकेक भोक चाचपून पाहिलं. मला वाटलं आता ते काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला, खुर्चीतून उठले आणि मुलाला म्हणाले, "आता तू बस."

राशिदसाहेब बसले. वडिलांच्या गोल गोळ्या, वडिलांची दारू. त्यांच्या दोन काळ्यात गेल्या, बाकीच्या पांढऱ्यावर इकडे तिकडे.

अबू राशिद इब्राहिमकडे वळून काही म्हणाले. इब्राहिमने मला सांगितलं, "ते बोलतात, आता तरी दिलीपला विचारू नका. नळी बरोबर हाय."

राशिदसाहेबांनी पुढे स्वतःसाठी वेगळी बंदूक घेतली. अठ्ठावीसची नळी. तो ईमेल त्यांनी स्वतःच लिहिला, मला फक्त कॉपीत ठेवलं. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, एका वर्षाने. सही करताना ते म्हणाले, "मिस्टर दिलीप, यापुढे तराजू नको. मला एक आकडा द्या, आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा." तेव्हापासून मी ऑफिसात नाही म्हणायला शिकतोय. अजून सवय नाही. परवा एका क्लायंटला नाही म्हणालो आणि पाठोपाठ सॉरीचा ईमेल टाकला.

अबू राशिदनी तो हिवाळा संपेपर्यंत आणखी काही वेळा बार काढले. आता ते रेंजवर नुसते बसायला येतात. गोळी ठासतात, बंदूक मुलाच्या हातात देतात आणि आवाजावरून बार कसा झाला ते सांगतात.

राहिली ती अठ्ठेचाळीसची नळी. ती क्लबमध्येच आहे. मध्यंतरी तिथल्या एका सभासदाने आखूड, बुटकी गोळी वापरून ती चालवली, आणि ती इतकी सुंदर चालली की तो तिच्यावर खूश आहे. मी घरी येऊन हिशोब करून पाहिला. तशा गोळीला अठ्ठेचाळीस अगदी चपखल बसतो. म्हणजे माझी निवड चुकीची नव्हती. फक्त ती ज्या माणसासाठी होती, तो माणूस आमच्यात नव्हता.

कोणाला नळी निवडायची असेल तर माझा सल्ला एवढाच. गोळी कोणती ते आधी विचारा, मग पीळ ठरवा. आणि गोळीच्याही आधी चालवणार कोण ते विचारा. एकाहून जास्त नावं पुढे आली तर एक्सेल उघडू नका.